शेळीचं कोणतं दुखणं सकाळपर्यंत थांबत नाही?



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईची गाभण शेळी गेली. संध्याकाळपासून कळा देत होती. घरात म्हणाले, रात्रीचं डॉक्टरांना कशाला उठवायचं, सकाळी बघू. सकाळी शेळी नव्हती, पोटातली दोन करडंही नव्हती. कर्जाचे हप्ते तेवढे राहिले. ताईचा दोष नव्हता. कोणतं दुखणं थांबतं आणि कोणतं नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज हा विषय.

पहिलं, व्यायची वेळ. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि करडू दिसत नाही, तर लगेच फोन करा. नुसता एक पाय किंवा शेपूट बाहेर आलं तरी तेच. ओढाताण करू नका, त्यानं पिशवी फाटते.

दुसरं, पोटफुगी. शेळीनं धान्याच्या पोत्यात तोंड घातलं किंवा ओला लसूणघास भरपूर खाल्ला, की डावी भकाळी फुगते. टिचकी मारली तर ढोलासारखं वाजतं. शेळी दात खाते, धापा टाकते. फुगलेलं पोट फुप्फुसांवर दाबतं आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. चारा बंद करा, पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी करा. आडवी पाडून तेल पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

तिसरं, बोकड कुंथतो पण लघवी होत नाही, नुसते थेंब येतात. आपल्याला वाटतं पोट साफ होत नाही. खरं तर मुतखडा अडकलेला असतो. थांबलं तर लघवीची पिशवी फुटते.

चौथं, फवारलेलं गवत किंवा कोवळी ज्वारी खाऊन तोंडाला फेस, झटके, थरथर. साप चावला, रक्त थांबत नाही, शेळी उठतच नाही, तरीही वाट बघू नका. कुत्रं चावलं तर हातमोजे घालून जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीचं विचारा.

मग थांबू शकतं काय? शेळी उभी आहे, रवंथ करते, श्वास नीट आहे, फक्त थोडी लंगडते किंवा नाक वाहतं, तर सकाळी दवाखान्यात न्या. वार बारा तासांत पडली नाही, तरीही डॉक्टरांना दाखवा.

फोनवर तीन गोष्टी सांगा: कधीपासून, काय खाल्लं, किती महिन्यांची गाभण. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. आपल्याकडे गाडी कोणत्या वेळेत येते, ते आजच विचारून ठेवा. रात्री कोण येईल, त्या डॉक्टरांचा नंबरही घ्या आणि दोन्ही गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा.

आणि येत्या बैठकीत एक ठराव घ्या: जनावराच्या तातडीच्या उपचारासाठी गटातून त्याच दिवशी पैसे मिळतील. आमच्या ताईचा हात फोनकडे गेला नाही, त्याला रात्रीइतकंच रिकामं पाकीटही कारण होतं.