मामा तलावांवर गळ टाकायला जाताना

गळाने मासे धरण्याचा नाद असलेल्या आणि गजबजाटापासून लांब, निवांत पाणी शोधणाऱ्या माणसाने पूर्व विदर्भाची वाट धरावी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत सुमारे ७,००० माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी उताराचा अंदाज घेत मातीच्या पाळी घातल्या, पावसाचं पाणी अडवलं आणि खालच्या बांध्यांत धान पिकवला. गावागणिक एखादा मोठा तलाव आणि आसपास छोट्या बोड्या, अशी ती रचना आजही दिसते.

१९५१ साली मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. बरेचसे आज जिल्हा परिषदेकडे आहेत. मासेमारीचा ठेका मात्र बहुतेक ठिकाणी धिवर बांधवांच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. बेताची सुरुवात इथूनच करायला हवी. नकाशावर निर्मनुष्य दिसणाऱ्या तलावात संस्थेने पैसे मोजून रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलेलं असतं, आणि त्याच्यावर काही घरांचं वर्ष चालतं. म्हणून तलाव निवडण्याआधी गाव निवडा. संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटा, कुठे बसावं ते विचारा, धरलेल्या माशाचे पैसे कसे द्यायचे ते आधीच ठरवून घ्या. जाणत्या धिवराला दिवसाची मजुरी देऊन सोबत घेतलं, तर कुठला मासा कोणत्या गवताच्या आडोशाला राहतो हे त्याच्याकडून कळतं. माझ्या मते या सहलीतला सर्वांत मोलाचा खर्च तोच.

हंगामाचं गणित नीट मांडायला हवं. पावसाळा माशांच्या विणीचा, तेव्हा गळ घरीच राहू द्यावा. दिवाळीच्या सुमारास तलाव तुडुंब असतात, मासे सगळीकडे पसरलेले असतात, आणि अनेक बोड्यांत शिंगाड्याचे वेल पाण्यावर अंथरलेले असतात. शिंगाडा हेही धिवरांचंच पीक. त्यात गळ अडकला की वेल तुटतो आणि नुकसान त्यांचं होतं. थंडीत उत्तरेकडून बदकं उतरतात, मासाही गारठ्याने मंदावतो. होळीच्या मागेपुढे पाणी ओसरतं, ऊन चढतं, पाहुणे पक्षी परतू लागतात आणि मासा भुकेला असतो. फेब्रुवारीची अखेर ते मार्च हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. मे महिन्यात उरलेलं डबकं गुराढोरांसाठी आणि तग धरून राहिलेल्या माशांसाठी सोडावं.

इथला गळकऱ्याचा खरा मासा मरळ. त्याला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय असते, म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर येतो आणि अचूक नजरेला आपला ठाव सांगून जातो. तो दबा धरून शिकार करतो. पाणवनस्पतींच्या कडेला, उथळ पाण्यात, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर त्याची वाट पाहावी. मरळीसाठी जिवंत बेडूक लावण्याची रीत आहे, ती सोडून द्यावी. बेडूक धानावरचे किडे खातो, शेतात त्याचं काम मोठं आहे. बाजारात रबरी बेडूक मिळतो. त्याचे काटे पाठीला चिकटून असतात, त्यामुळे तो गवतात न अडकता सरकतो. मरळीला दात असतात, म्हणून दोरी जाड घ्यावी. रोहूला कणकेत पेंड मळून केलेली गोळी चालते, मागूर आणि शिंगी गांडुळावर येतात. शिंगीचा काटा विषारी असतो, ती हाताने धरू नये.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका वळवळताना दिसला, तर खाली मरळीचे आईबाप राखणीला असतात. चिडून ते गळावर सहज झेपावतात. त्यांना उचललं की पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. तिथून उठून दुसरीकडे बसावं.

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाडीने सौंदड, अर्जुनी किंवा वडसा इथे उतरता येतं, पुढे एसटी किंवा भाड्याची दुचाकी. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतलं पाणी मात्र आपल्या बेतात धरायचंच नाही, तिथे मासेमारीला मनाई आहे. वाघ आणि अस्वल हद्द ओळखत नाहीत. गावकरी ज्या पाळीवर संध्याकाळी थांबत नाहीत, तिथे आपणही थांबू नये. पाण्यात उतरू नये, तळाशी गाळ खोल असतो आणि कमळाचे देठ पायांत गुरफटतात.

तुटलेली नायलॉनची दोरी वेचून परत आणावी, तिचा तुकडाही मागे राहू नये. गोंदिया जिल्ह्यात सारस क्रौंच अजून घरटी करतात, महाराष्ट्रात हे भाग्य फार थोड्या जागांना आहे. एवढा मोठा पक्षी पायात गुंतलेल्या दोरीने जायबंदी होऊ शकतो.

जमलं तर मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी धिवरांसोबत केलेलं काम समजून घ्या. तलावात माजलेली बेशरम नावाची वनस्पती उपटायची, मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, म्हणजे देशी मासे वीण घालायला परततात, असा तो मार्ग आहे. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी गावातल्या बाया पुढे आहेत. अशा तलावावर जाण्याची परवानगी मिळाली, तर दोन वेळच्या जेवणापुरते मासे ठेवा, उरलेले ओल्या हाताने गळ सोडवून पाण्यात सोडा. जास्त हवे असतील, तर सकाळी जाळं काढणाऱ्यांकडून पाळीवरच विकत घ्या.