निजामशहाची लॅटिन शिकवणी

सोळाव्या शतकात नगरच्या दरबारात दोन माणसं एकमेकांची शिकवणी घेत होती. एक खुद्द राजा, पहिला बुऱ्हाण निजामशहा. दुसरा त्याच्या उपचारांसाठी गोव्याहून येणारा पोर्तुगीज वैद्य, गार्सिया द ऑर्ता. राजाने रोगांची आणि औषधांची अरबी नावं सांगायची, वैद्याने लॅटिन. हे ऑर्तानेच लिहून ठेवलं आहे, आणि राजाला यात मोठी गंमत वाटे, हेही.

आता दोघांची कुळं पाहा. ऑर्ताचे आईबाप स्पेनचे यहुदी. १४९२ मध्ये तिथून हाकलले गेले, पोर्तुगालात आले, तर १४९७ मध्ये तिथेही सक्तीचा बाप्तिस्मा. मुलगा जगाच्या लेखी ख्रिस्ती, पण घरात मोशेचा धर्म जपलेला. आणि निजामशहा? फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, बुऱ्हाणचा आजा मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण, पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. बहमनी फौजेने पोरवयात धरून नेलं आणि मुसलमान केलं. स्वतः बुऱ्हाणनेही सुन्नी पंथ सोडून शिया पंथ धरला. फिरिश्ताच्या म्हणण्याप्रमाणे, शिया धर्मपंडित शाह ताहिरच्या सांगण्यावरून बारा इमामांना साकडं घातलं आणि आजारी मुलगा बरा झाला, म्हणून. त्याचा पेशवा कवरसेन मात्र ब्राह्मणच. अशा दरबारात कुणी कुणाला कुळ विचारायचं!

या सहवासाचं पीक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं: हिंदुस्थानातल्या औषधांवरचं ऑर्ताचं पुस्तक, दोन वैद्यांच्या संवादाच्या रूपात. हिंग, धोतरा, आंबा, दालचिनी, सगळं त्यात आहे. पटकीचं वर्णनही आहे आणि तिचं इथलं नाव त्याने लिहिलं आहे, ती आपली मोडशीच. युरोपच्या जुन्या ग्रंथांवर आंधळा विश्वास न ठेवता इथल्या हकिमांना आणि वैद्यांना विचारून लिहिणारा हा माणूस. चारच वर्षांत त्याचा लॅटिन संक्षेप युरोपात निघाला.

गोव्यात मात्र १५६० मध्येच इन्क्विझिशन, म्हणजे गुपचूप जुना धर्म पाळणाऱ्यांना हुडकून शिक्षा करणारं ख्रिस्ती धर्मन्यायालय, आलं होतं. ऑर्ता १५६८ मध्ये वारला, ते एका परीने बरंच झालं. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळलं. खुद्द त्याची हाडं १५८० मध्ये थडग्यातून उकरून जाळली.

याच निजामशाहीत कोकणातलं चौल होतं. तिथून फार लांब नाही ते नवगाव, जिथे आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं असं बेने इस्राएल या यहुदी समाजाची परंपरा सांगते. इथे लपवालपवी नव्हती. हे लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी, यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, तो बंद ठेवत. गावाने 'शनवार तेली' म्हणून हाक मारली आणि विषय संपवला. आडनावंही गावांचीच, किहीमकर, नवगावकर. नवस फेडायला ते मलिदा करतात: पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. ताटातला जिन्नस कोकणचा, नाव दर्ग्याच्या प्रसादाचं आणि नवस एलियाहू हन्नबी या यहुदी संदेष्ट्याचा. असं ताट जगातल्या दुसऱ्या कुठल्या यहुदी घरात मांडलं जात असेल, असं मला वाटत नाही.

१८८० च्या सुमारास तर मुंबईत या मंडळींनी मराठी कीर्तनं सुरू केली. ढंग हरिदासाचा, आख्यान अब्राहामाचं. घेतलं तसं दिलंही. हाईम सॅम्युएल किहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये आपल्या समाजाच्या मुलांसाठी इस्राएली शाळा काढली. पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली ही शाळा माझगावात आहे. समाजातली बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली, तरी शाळा बंद पडली नाही. आता तिथे शिकणारी बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत.