नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

केशोरीत घरच्या कॉम्प्युटरचं नेट बंद पडलं की पहिला प्रश्न असतो, माणूस बोलवायचा कुठून? अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे गाव इटियाडोहच्या परिसरात, जंगलाला लागून आहे. दुरुस्तीवाला अर्जुनीहून यायचा, नाहीतर थेट गोंदियाहून. तोवर शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपते, धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी राहून जाते. म्हणून घरातलंच कुणीतरी हात घालतं, आणि ते योग्यच आहे. घरगुती बिघाडांपैकी बरेचसे घरातच दुरुस्त होण्यासारखे असतात. घोळ होतो तो बिघाड कुठे आहे हे न बघता उपाय सुरू केल्यामुळे. त्यातून दहा मिनिटांचं काम चार दिवसांवर जातं.

नेट म्हणजे एकापुढे एक जोडलेले चार टप्पे. कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत एक टप्पा. राउटरपासून कंपनीच्या एक्स्चेंजपर्यंत दुसरा. तिथून मोठ्या शहरांकडे जाणारी मुख्य लाइन तिसरा. शेवटी ज्या वेबसाइटवर जायचं तिचा सर्व्हर. यातलं काहीही तुटलं तरी आपण एकच वाक्य बोलतो, ‘नेट गेलं’. इथून पुढचे सगळे गैरसमज या एका वाक्यातून निघतात.

‘वायफायच्या रेघा पूर्ण आहेत, म्हणजे नेट आहे’

या रेघा फक्त पहिला टप्पा दाखवतात. तुमचा कॉम्प्युटर आणि बाजूच्या खोलीतला राउटर यांचं एकमेकांशी नीट जमतंय, एवढाच त्यांचा अर्थ. राउटरच्या पुढे गावाबाहेर फायबर तुटलेली असली तरी रेघा पूर्णच दिसतील.

नेट खरंच आहे की नाही, हे विंडोज वेगळ्या रीतीने तपासतं. जोडणी झाली की ते मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक चिमुकली फाइल मागवतं. तिच्यात तीनच शब्द असतात: मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट. ते शब्द आले नाहीत की ‘नो इंटरनेट’ असा शेरा पडतो. शेरा दिसला तर वायफायचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. पासवर्ड चुकीचा असता तर राउटरशी जोडणीच झाली नसती.

याहून सोपी तपासणी हाताशी आहे. त्याच वायफायला मोबाइल जोडा, त्याचा स्वतःचा डेटा बंद करा आणि एखादी साइट उघडून पाहा. मोबाइलवर उघडली तर दोष कॉम्प्युटरमध्ये आहे आणि कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. मोबाइलवरही उघडली नाही तर कॉम्प्युटरला हात लावू नका. बिघाड राउटरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. माझ्या मते बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण ही एक तपासणी घरातल्या प्रत्येकाला यायला हवी.

‘टॉवर फुल्ल आहे, तरी चालत नाही, म्हणजे कॉम्प्युटर बिघडला’

आपल्याकडे अनेक घरांत कॉम्प्युटरला नेट मिळतं ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. तिथेही रेघांचा तोच घोटाळा. मोबाइलवरच्या रेघा म्हणजे मोबाइल आणि टॉवर यांच्यातला सिग्नल. टॉवरलासुद्धा पुढे फायबरने किंवा मायक्रोवेव्हने जोडलेलं असावं लागतं. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती फायबर तोडली तर सिग्नल पूर्ण दिसतो आणि डेटा शून्य असतो. संध्याकाळी सगळं गाव एकाच टॉवरवर आलं तरी वेग घसरतो, रेघा मात्र हलत नाहीत.

रेघांपेक्षा त्यांच्या बाजूचं अक्षर वाचा. इंग्रजी ‘ई’ दिसत असेल तर मोबाइल टूजीवर आहे, आणि त्यावर कॉम्प्युटरवरचा अर्ज उघडण्याची अपेक्षाच नको. नक्षलग्रस्त भागांतल्या २,३४३ ठिकाणची टूजी सेवा फोरजी करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली. जंगलपट्ट्यातल्या टॉवरांवर इतकी वर्षं काय चालत होतं, ते यावरून कळतं.

हॉटस्पॉटवाल्यांसाठी आणखी एक. रोजचा दीड जीबी डेटा सकाळीच संपला, म्हणून मुलांवर ओरडण्याआधी कॉम्प्युटर तपासा. विंडोज आपली अपडेट्स गुपचूप उतरवत असतं आणि त्याला मोबाइलचा डेटा व घरची लाइन यांतला फरक कळेलच असं नाही. कोटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. नेट ‘चालू’ दिसतं पण काहीच उघडत नाही. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटपुढे ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करा. मोठी अपडेट्स बहुतांशी थांबतात.

‘लाल लाइट लागला, वायर काढून बघू उजेड येतो का’

हा गैरसमज धोक्याचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

फायबरच्या डब्यावर, म्हणजे फायबर जोडलेल्या राउटरवर, साधारण चार दिवे असतात: पॉवर, पॉन, लॉस आणि लॅन. पॉन स्थिर हिरवा असेल तर एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंतची फायबर, म्हणजे काचेची तार, शाबूत आहे. लॉस लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. आता लोक डब्यातून वायर ओढून काढतात आणि टोक डोळ्यासमोर धरतात. काही दिसलं नाही की म्हणतात, ‘लाइनच बंद आहे.’

दिसणारच नाही. घरगुती फायबरमध्ये कंपनीकडून येणारा प्रकाश १,४९० नॅनोमीटरचा आणि घरातून जाणारा १,३१० नॅनोमीटरचा असतो. दोन्ही अवरक्त आहेत, माणसाच्या डोळ्याला न दिसणारे. दिसत नसले तरी लेझरच आहेत ते, म्हणून फायबरच्या टोकाकडे डोळा लावून बघायचं नाही.

दुसरं नुकसान लगेच होतं. ज्या काचेतून हा प्रकाश धावतो तिची जाडी सुमारे ९ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही अंशांइतकी. टोकावर बोटाचा तेलकट डाग किंवा धुळीचा कण बसला, शर्टाने पुसताना ओरखडा पडला, तरी प्रकाश अडतो. आधी बिघाड बाहेर कुठेतरी होता, आता घरातही एक झाला.

मग लाल दिवा दिसल्यावर करायचं काय? वायर न काढता तिच्यावरून नजर फिरवा. दाराच्या फटीत चेपली आहे का, खिळ्याभोवती घट्ट वळवली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, अंगणातल्या खांबावरून लोंबतेय का. फायबर तांब्याच्या वायरीसारखी दुमडायची नसते. पेल्याच्या तोंडाएवढं वेटोळं चालतं. कागदासारखी घडी घातली की आतली काच तडकते. असं काही दिसलं नाही तर फोन करा आणि ‘नेट चालत नाही’ असं न म्हणता ‘लॉस लाल आहे’ म्हणा. त्यावरून समोरच्याला कळतं की लाइनमन पाठवावा लागेल.

‘रीस्टार्ट आणि रीसेट एकच’

नाही. रीस्टार्ट म्हणजे डबा बंद करून पुन्हा सुरू करणं. प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, लावा, दोन-तीन मिनिटं दिवे स्थिर होऊ द्या. वीज जाऊन आली, म्हणजे आपल्याकडची रोजचीच गोष्ट, की राउटर आणि कंपनी यांच्यातली जुनी जोडणी कधी कधी अडकून बसते. रीस्टार्टने ती नव्याने होते. यात काहीही पुसलं जात नाही. ही बिनधोक पहिली पायरी आहे.

डब्याच्या मागे बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरलं की तो रीसेट. यात वायफायचं नाव व पासवर्ड जातात, आणि बऱ्याच जोडण्यांमध्ये कंपनीने भरून दिलेलं युजरनेम आणि त्याचा पासवर्डही जातो. तो पुन्हा भरल्याशिवाय नेट येत नाही आणि तो घरात कुणाकडेच लिहिलेला नसतो. कंपनी दुपारी फायबर जोडून देते, तरी घर चार दिवस बिननेटचं राहतं, ते त्या टाचणीमुळे. आजच, नेट चालू असताना, कंपनीकडून हे युजरनेम व पासवर्ड मागून घ्या आणि वीजबिलाच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. ते मिळेपर्यंत त्या भोकाला हात लावू नका.

‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारा’

तालुक्याच्या दुकानात कॉम्प्युटर नेला की हे ऐकू येतं. व्हायरसने किंवा चुकीच्या प्रॉक्सी सेटिंगने नेट अडू शकतं, पण तो शेवटचा संशय आहे, पहिला नव्हे. फॉरमॅटने फोटो, बायोडेटा, जुने अर्ज जातात आणि तुटलेली केबल तुटलेलीच राहते.

त्याआधी दोन मिनिटं द्या. केबलने जोडलेला कॉम्प्युटर असेल तर तिच्या खाचेजवळचे छोटे दिवे लागतात का ते पाहा. केबलच्या टोकाची प्लास्टिकची जीभ तुटली की केबल दिसायला जागेवर असते पण आतून सुटलेली असते. लॅपटॉप असेल तर विमानाचं चिन्ह असलेली कळ चुकून दाबली गेली आहे का ते बघा.

मग विंडोजच्या शोधपट्टीत इंग्रजीत सीएमडी टाइप करून काळी विंडो उघडा आणि तिच्यात आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीतच टाका. आयपीव्ही-४ पत्त्याची सुरुवात १६९.२५४ ने होत असेल तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. दोष घरातला आहे: केबल, वायफाय किंवा राउटर. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर राउटरशी बोलणं नीट चाललंय. आता पिंग लिहून, एक जागा सोडून, इंग्रजी अंकांत ८.८.८.८ टाका. हा गुगलचा पत्ता आहे, डिसेंबर २००९ पासून सगळ्यांना खुला. ‘रिप्लाय फ्रॉम’ अशा ओळी आल्या तर नेट जगापर्यंत पोचतंय.

पिंग येतंय, तरी एकही साइट उघडत नसेल तर संशय डीएनएसवर. साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था १९८३ पासून चालत आली आहे. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरलं की हा विशिष्ट बिघाड जातो. त्याने तुमच्या प्लॅनचा वेग वाढतो, असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर मात्र विश्वास ठेवू नका.

‘साइट धोकादायक म्हणते, म्हणजे हॅक झालं’

जुन्या डेस्कटॉपच्या घरांत हे हमखास घडतं. रात्रभर वीज नसते, सकाळी कॉम्प्युटर सुरू होतो, वायफाय जोडलं जातं, आणि बँकेपासून महाडीबीटी या सरकारी पोर्टलपर्यंत प्रत्येक साइटवर ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा येतो. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली पाहा. तारीख कित्येक वर्षं मागची असते.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ तो चालू ठेवतो. तो संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. सुरक्षित साइटकडे मुदतीचं प्रमाणपत्र असतं. सप्टेंबर २०२० पासून अशा प्रमाणपत्राला जास्तीत जास्त ३९८ दिवसांची मर्यादा आली आणि ती आता आणखी कमी होत चालली आहे. कॉम्प्युटरला वाटतं आपण २०१५ मध्ये आहोत, म्हणून आजचं प्रमाणपत्र तो नाकारतो. घड्याळ खूप मागे गेलं असेल तर विंडोज ते आपणहून सुधारेलच असं नाही. तारीख हाताने बदला, साइट उघडतील. मग सेल बदलून घ्या. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर मात्र पुढे जाऊ नका आणि पासवर्ड टाकू नका.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी फक्त ती एकच सरकारी साइट उघडत नसेल आणि बाकी सगळं चालत असेल, तर तुमच्या घरात काहीही बिघडलेलं नाही. सर्व्हरवर गर्दी आहे. पहाटे प्रयत्न करा.

‘फायबर आहे, वीज पडली तरी काही होत नाही’

काचेतून वीज वाहत नाही, हे खरं. पण डबा चालतो विजेवर, साधारणपणे १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर, आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची केबल तांब्याची असते. काही फायबरच्या आवरणात आधाराला लोखंडी तारही असते. गडगडाट सुरू झाला की अ‍ॅडॉप्टर आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवा. फायबर राहू द्या.

‘ग्रामपंचायतीत भारतनेट आहे, मग घरी का नाही?’

ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या या योजनेचं मूळ उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेणं हे होतं. तिथून घरापर्यंतची जोडणी वेगळी घ्यावी लागते, तिचा प्लॅन आणि तिची तक्रारही वेगळी. पंचायतीत नेट बंद असल्याची तक्रार झाली म्हणजे तुमची झाली, असं नसतं. स्वतःची नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

तक्रार नोंदवल्यावर, किंवा न नोंदवताही, ‘कंपनीतून बोलतोय, हे अ‍ॅप टाका, स्क्रीन दाखवा’ असा फोन येऊ शकतो. लॉसचा लाल दिवा स्क्रीन दाखवून विझत नाही. फोन ठेवा आणि बिलावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा. ओटीपी गेला, पैसे गेले, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.