मायामीहून सुटणारी दोन जहाजं

अमेरिकेतल्या मराठी घरांत आई-वडील भारतातून राहायला आले की एक प्रश्न हमखास निघतो: सगळ्यांनी मिळून आठवडाभर जायचं कुठे? आजोबांना फार चालवत नाही, आजी शाकाहारी, नातू चार वर्षांचा आणि नात तेराची. गाडीने फिरायचं तर निम्मा वेळ सामान बांधण्या-सोडण्यातच जातो. मग कोणीतरी क्रूझ सुचवतं आणि हल्ली त्यात दोन नावं हटकून येतात. एक रॉयल कॅरिबियन कंपनीचं ‘आयकॉन ऑफ द सीज’ आणि दुसरं एमएससी कंपनीचं ‘एमएससी वर्ल्ड अमेरिका’. दोघांच्या पहिल्या सफरी मायामीहूनच सुटल्या, आयकॉनची 27 जानेवारी 2024 रोजी आणि वर्ल्ड अमेरिकाची एप्रिल 2025 मध्ये. दोन्ही सफरी सात रात्रींच्या, दोन्ही कॅरिबियन समुद्रातल्या, आणि दोन्ही कंपन्यांचं बहामात स्वतःचं एकेक बेट. वरवर पाहता निवड फक्त दराची वाटते. माझ्या मते ती दराची नाही, मोठेपणाची तर नाहीच नाही. इतकी माणसं एका जहाजावर मावतात कशी आणि त्यांच्या गर्दीची विभागणी कशी केली आहे, हे आधी पाहायला हवं.

मोठेपणाचे आकडे आधी उरकून घेऊ. आयकॉन फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या मायर गोदीत बांधलं गेलं. लांबी सुमारे 365 मीटर, ग्रॉस टनेज 248,663. वर्ल्ड अमेरिका फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या शाँतिये द लातलांतिक गोदीतलं. लांबी 333 मीटर, ग्रॉस टनेज 216,638. हे टनेज म्हणजे जहाजाचं वजन नव्हे. जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे, आणि म्हणूनच प्रवाशाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. मुंबईकरांनी 2021 पासून पाहिलेलं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज 48,563 टनेजचं. आयकॉन त्याच्या पाचपट आहे. गंमत अशी, की ते एम्प्रेस पूर्वी रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात होतं आणि 1990 मध्ये ते बांधलं होतं सँ-नाझेरच्या त्याच गोदीने, जिने आता वर्ल्ड अमेरिका बांधलं.

आता हे टनेज माणसांमध्ये वाटून पाहा. प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरले तर आयकॉनवर 5,610 प्रवासी होतात, म्हणजे माणशी 44 टनेजची जागा. वर्ल्ड अमेरिकावर सुमारे 2,600 केबिन आहेत, त्या हिशेबाने माणशी 41 च्या आसपास. फरक दिसतो, पण तो कागदावरचा. शाळांच्या सुट्टीत केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या खाटाही भरतात. तेव्हा आयकॉनवर 7,600 पर्यंत आणि वर्ल्ड अमेरिकावर 6,762 पर्यंत माणसं असू शकतात, आणि दोन्हीकडे माणशी जागा 32-33 वर येऊन ठेपते. कर्मचाऱ्यांचंही तसंच. आयकॉनवर सुमारे 2,350, वर्ल्ड अमेरिकावर 2,138, म्हणजे केबिनमागे दोघे धरले तर दोन्हीकडे साधारण अडीच प्रवाशांमागे एक. तेव्हा ‘जगातलं सगळ्यात मोठं’ या बिरुदाने तुमच्या वाट्याला जास्त मोकळी जागा येईल, असं समजू नका. कोणत्या आठवड्यात जाता, यावर ती जास्त अवलंबून आहे. ख्रिसमस आणि मार्चची शाळेची सुट्टी टाळता आली तर दोन्ही जहाजं जास्त मोकळी मिळतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर दर उतरतात, पण तो चक्रीवादळांचा ऐन मोसम. जहाज वादळाला वळसा घालून जातं खरं, पण ठरलेली बंदरं बदलू शकतात. ते चालणार असेल तरच तो स्वस्ताईचा काळ घ्यावा.

खरी वेगळी गोष्ट आहे ती मांडणीची. आयकॉनच्या रचनाकारांनी जहाजाचे आठ भाग पाडले आणि त्यांतले बरेच भाग एकेका वयोगटाला समोर ठेवून आखले. जहाजाच्या मागच्या टोकाला ‘सर्फसाइड’ आहे. लहान मुलांचं पाणी, फिरतं घोडाचक्र, त्यालाच लागून आईवडिलांना बसायला तलाव आणि तिथेच जेवायची जागा. पोराला पाण्यातून काढून, टॉवेलात गुंडाळून, लिफ्टने सहा मजले वर-खाली करायची वेळ येत नाही. लहान मूल घेऊन क्रूझवर गेलेल्या कोणालाही विचारा, ही सोय किती मोलाची ते तो सांगेल. मध्यभागी ‘सेंट्रल पार्क’ ही उघड्या आभाळाखालची बाग, हजारो जिवंत झाडांची. वर सहा घसरगुंड्यांचं पाणउद्यान, तेरा-चौदाच्या मुलांसाठी. मोठ्यांसाठी मागच्या बाजूला उंचावर ‘हायडअवे’, जिथे मुलांना प्रवेश नाही. पुढच्या बाजूला डोक्यावर ‘अॅक्वाडोम’, काचेचा आणि पोलादाचा प्रचंड घुमट, ज्याच्या आत दिवसा बसून समुद्र पाहायचा आणि रात्री पाण्यातल्या कसरती. या सगळ्या मांडणीत समुद्र दिसतो, पण तो मागे मागे सरकतो. दिवसभर माणूस आतल्या गोष्टींतच गुंतून राहतो.

वर्ल्ड अमेरिकाचे सात भाग आहेत, पण जहाजाचा कल वेगळा आहे. त्याचा मागचा भाग मधोमध उभा चिरल्यासारखा उघडा आहे. दोन बाजूंना केबिनचे मजले, मध्ये ‘वर्ल्ड प्रोमेनाड’ हा लांब रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला थेट समुद्र. संध्याकाळी तिथे चालताना खारा वारा लागतो, आणि जहाजाने मागे सोडलेली पांढरी फेसाळ वाट दिसते. याच रस्त्यावर अकरा मजले खाली उतरणारी कोरडी घसरगुंडी आहे. वरच्या मजल्यावर समुद्रावर झेपावणारा ‘क्लिफहँगर’ हा पाळणा, पाण्यापासून सुमारे 50 मीटर उंच. मुलांसाठी इथेही भरपूर आहे, पण चार वर्षांच्या मुलाचा विचार आयकॉनवर जितका बारकाईने झाला आहे, तितका इथे दिसत नाही. मोठ्यांना, आणि समुद्र पाहायला म्हणून जहाजावर येणाऱ्यांना, हे जहाज जास्त भावेल असं मला वाटतं.

केबिन निवडताना डेकचा नकाशा समोर पसरून बसावं. यात घालवलेला एक तास वाया जात नाही. दोन्ही जहाजांवर ‘बाल्कनी’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. आयकॉनवर काही बाल्कन्या समुद्राकडे तोंड करून आहेत, काही आतल्या बागेकडे, काही सर्फसाइडकडे. सर्फसाइडवरची बाल्कनी घेतली तर दुपारभर मुलांचा किलबिलाट ऐकायची तयारी हवी. आणखी एक प्रकार ‘इन्फिनिट बाल्कनी’. तिथे बाहेर वेगळा सज्जा नसतोच. खोली थेट जहाजाच्या कडेपर्यंत जाते, बटण दाबलं की मोठ्या खिडकीचा वरचा अर्धा भाग खाली सरकतो आणि वारा आत येतो. खोली मोठी वाटते, पण पहाटे आजोबांना खुर्ची बाहेर टाकून एकटं बसायचं असेल आणि आजी अजून झोपलेली असेल, तर त्या खोलीत ते जमत नाही. अशांनी जुन्या पद्धतीची, दार असलेली समुद्राकडची बाल्कनीच मागावी. वर्ल्ड अमेरिकावर प्रोमेनाडकडे तोंड असलेल्या बाल्कन्या स्वस्त पडतात. पण त्यांच्याखाली रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते.

नकाशात आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे तेही पाहावं. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज छतातून येतो. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील, तर झोप चांगली लागते. ज्यांना जहाज लागतं त्यांनी मध्यभागची आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, तिथे हेलकावा सर्वांत कमी. मात्र ती लिफ्टजवळ आहे ना, हे वयस्करांसाठी आधी तपासा. 365 मीटरच्या जहाजावर चुकीच्या टोकाची केबिन म्हणजे दर जेवणाला लांबलचक चाल.

खासगी बेटांमधला फरक मला जहाजांमधल्या फरकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. रॉयल कॅरिबियनचं कोकोके म्हणजे बेटावर वसवलेलं मनोरंजन उद्यान. किनारे आणि मोठा तलाव मोफत, पण उंच घसरगुंड्यांचं पाणउद्यान आणि फक्त मोठ्यांचा किनारा यांचे पैसे वेगळे, आणि ते थोडे नाहीत. एमएससीच्या ओशन केची कथा निराळी. तिथे पूर्वी अॅरागोनाइट वाळूचा उपसा चालायचा. कंपनीने जुनी यंत्रं आणि भंगार हलवलं, झाडं लावली आणि 2019 च्या अखेरीस ते प्रवाशांसाठी खुलं केलं. भोवतीच्या पाण्यात प्रवाळ पुन्हा वाढवण्याचं काम चालतं. तिथे पाळणे नाहीत. पांढरी वाळू, उथळ निळं पाणी आणि एक दीपस्तंभ आहे, आणि कित्येकदा जहाज रात्री उशिरापर्यंत तिथेच थांबतं. ज्या किनाऱ्याची चाळण झाली होती तिथे पुन्हा मासे आणि प्रवाळ यावेत यासाठी कोणी खटपट करतं, याची मला मनापासून किंमत वाटते. दोन्ही बेटांना धक्का आहे, त्यामुळे वयस्करांना छोट्या होडीत उतरावं लागत नाही. जोराचा वारा असेल तर मात्र कोणतंही जहाज धक्क्याला लागत नाही आणि बेट हुकतं.

पर्यावरणाचा विषय निघालाच आहे तर इंधनाचंही सांगायला हवं. दोन्ही जहाजं द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात. त्यातून काजळी आणि गंधक जवळजवळ निघत नाही, कार्बन डायऑक्साइडही कमी. पण इंजिनात न जळलेला थोडा मिथेन निसटतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे जाहिरातीतल्या ‘स्वच्छ इंधन’ या शब्दांवर सफर ठरवू नये. त्या बाबतीत दोघांत निवडण्याजोगं फारसं काही नाही.

जेवणाची काळजी आपल्या लोकांना उगाचच जास्त वाटते. दोन्ही जहाजांवर शाकाहारी जेवण रोज मिळतं. जैन जेवण हवं असेल तर आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावं आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य भोजनगृहातल्या प्रमुखाला भेटावं. तो बऱ्याचदा गोव्याचा किंवा मुंबईचा निघतो, कारण क्रूझच्या ताफ्यांत गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एमएससीची ओढ युरोपकडे, विशेषतः इटलीकडे आहे. वर्ल्ड अमेरिकावर इटालियन जेवणाचं ‘ईटाली’ आहे आणि ग्रीक जेवणाचं ‘पॅक्सॉस’ही. दोन्हीकडचे पैसे वेगळे.

दरांची तुलना करताना पहिल्या पानावरचा आकडा बाजूला ठेवा. तो बहुतेक आठवड्यांत एमएससीचा बराच कमी दिसतो, आणि खरोखर कमी असतोही. पण त्यात कर, बंदरशुल्क, माणशी दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलरची बक्षिसी, इंटरनेट, पेयांचं पॅकेज आणि बेटावरचे खर्च मिळवून दोन्ही बेरजा शेजारी शेजारी मांडा. पेयांच्या पॅकेजची एक अट अनेकांना उशिरा कळते: केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने मद्याचं पॅकेज घेतलं, तर साधारणपणे त्याच केबिनमधल्या इतर मोठ्यांनाही ते घ्यावं लागतं. न पिणाऱ्या आजोबांना मुलाच्याच खोलीत ठेवलं, तर हा खर्च अंगावर येतो.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. जहाज बहामा, मेक्सिको वगैरे देशांत जाऊन परत येतं, म्हणजे अमेरिकेत पुन्हा प्रवेश करायचा असतो. आई-वडिलांचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा. एच-वन-बी वर राहणाऱ्यांनी पासपोर्टवरच्या स्टॅम्पची मुदत पाहावी. स्टॅम्प संपलेला असताना मेक्सिको किंवा कॅनडाहून ठरावीक अटींवर परतता येतं, ती सवलत एच-वन-बीसाठी बहामाला लागू नाही. आणि वयस्कर प्रवाशांसाठी रुग्णाला जहाजावरून हलवण्याचा खर्च देणारा विमा घ्यावाच. जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतात, पण तिथलं बिल आधी स्वतःच भरावं लागतं आणि गंभीर आजारी माणसाला किनाऱ्यावर न्यायचा खर्च छाती दडपवणारा असतो.

वर सांगितलेल्या घराचं विचाराल, तर नातू सहा वर्षांखालचा आहे तोवर मी आयकॉन घेईन, जास्त पैसे मोजून. सर्फसाइडमुळे चारही मोठ्यांना विसावा मिळतो. मुलं दहाच्या पुढची असतील, किंवा नुसती दोन जोडपी निघाली असतील, तर बेशक वर्ल्ड अमेरिका. अनामत भरून केबिन लवकर धरावी, कारण चार जणांच्या आणि शेजारी शेजारी लागून असलेल्या केबिन सर्वांत आधी संपतात. पूर्ण रक्कम साधारण तीन महिने आधी भरावी लागते. तोवर त्याच केबिनचा दर उतरला, तर अमेरिकेत केलेल्या आरक्षणांवर बहुधा तो कमी दर लावून मिळतो. मात्र कंपनी स्वतःहून कळवत नाही, एजंटला दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारावं लागतं.