जाझचा जुना मास्तर स्टेजवर काय शिकवतो?



वेवजीत येऊन जाझवर बोलायचं, म्हणजे जरा उलटंच काम. संयोजकांना विषय सांगितला तेव्हा फोनवर क्षणभर शांतता झाली. मग त्यांनी हळूच विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचं काही नाही का?" आहे. तत्त्वज्ञानच आहे. फक्त आज ते एका पियानोवादकाच्या हातून घ्यायचं आहे. जाझ कधी ऐकलं नसेल तरी बिचकू नका. भजनातली पेटी आणि पाड्यावरचा तारपा ज्यांनी ऐकला आहे, त्यांच्याकडे आजच्यापुरतं भांडवल आहे. हे ध्वनिमुद्रण पुढे जे ऐकतील-वाचतील त्यांच्यासाठी सांगतो: वेवजी म्हणजे तलासरी तालुक्याचं अगदी टोक. चार पावलं पुढे गेलं की गुजरात.

दोनेक वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी आम्हाला मुंबईत एका लहानशा क्लबात घेऊन गेला. पन्नास-साठ खुर्च्या आणि कोपऱ्यात पियानो. पियानोवर पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. त्यांचं नाव आम्ही सांगणार नाही, कारण पुढच्या हकिकतीत त्यांच्या शिष्याची एक चूक आहे. दिवसा ते घरी मुलांना पियानो शिकवतात, ग्रेड परीक्षांची तयारी करून घेतात, आणि अधूनमधून एखाद्या रात्री क्लबात वाजवतात. त्या रात्री बास आणि ड्रमवर मुरलेले लोक होते. गिटारवर मात्र विशीतला एक मुलगा होता, त्यांचाच विद्यार्थी.

आता तिथे काय घडलं ते कळायला जाझची रचना थोडी समजून घेऊ. बऱ्याच जुन्या जाझ गाण्यांचं आवर्तन ३२ बारचं असतं. एका बारमध्ये बहुधा चार ठोके. आठ-आठ बारचे चार तुकडे करा: पहिला तुकडा, तोच पुन्हा, मग वेगळा, आणि शेवटी परत पहिला. ब्लूजचं आवर्तन त्याहून लहान, १२ बारचं. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग एकेक जण त्याच आवर्तनावर आपलं नवं काही रचत जातो. त्याला सोलो म्हणतात. शेवटी सगळे मूळ चालीवर परत येतात. आपल्याकडे तालाचं आवर्तन असतं, सम असते. जाझमध्ये तालाबरोबर कॉर्डचंही आवर्तन फिरत असतं. कॉर्ड म्हणजे काय, तर पेटीवर सा, ग, प एकदम दाबा, झाली कॉर्ड. दर एक-दोन बारला ती बदलते, आणि सोलो वाजवणाऱ्याला ती कुठे बदलते हे मनात धरून चालावं लागतं.

भजनात पेटीवाला गायकाच्या मागोमाग तीच चाल वाजवतो. जाझमध्ये दुसऱ्याचा सोलो चालू असताना पियानोवादक चाल वाजवत नाही. तो मधूनमधून कॉर्ड टाकतो. कधी ठोक्यावर, कधी ठोक्याच्या अलीकडे, कधी टाकतच नाही. जाझवाले याला कॉम्पिंग म्हणतात. सोलो करणारा कुठे चालला आहे हे ऐकून त्याच्या पायाखाली जमीन द्यायची, पण त्याची वाट अडवायची नाही.

तर त्या मुलाचा सोलो सुरू झाला. पहिलं आवर्तन छान गेलं. दुसऱ्यात तो तिसऱ्या तुकड्यात गेलाच नाही, पहिल्याच तुकड्यात फिरत राहिला. म्हणजे बाकीचे पुढच्या खोलीत आणि हा मागच्या. आमच्यासारख्यालाही काहीतरी बिनसल्याचं कळलं. मुलाचा चेहरा उतरला, बोटं घाईला आली. तोवर पियानो मोठ्या नटव्या कॉर्ड टाकत होता. त्या थांबल्या. मास्तरांनी डाव्या हाताने एकेकच खालचा सूर द्यायला सुरुवात केली, साधा आणि ठळक, रस्त्याच्या कडेला दगड मांडत जावं तसा. चौथा तुकडा सुरू झाला तिथे त्यांनी एक कॉर्ड अगदी स्वच्छ, ठोक्यावर दिली. मुलाने मान वर केली. एक बार तो गप्प राहिला, मग वाट सापडून आत शिरला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही.

मध्यंतरात आम्ही त्यांना विचारलं, मुलाला खूण का नाही केली? ते हसले. म्हणाले, घरी तो चुकला की ते लगेच थांबवतात, कारण घरी थांबता येतं. इथे गाणं थांबत नाही, आणि न थांबणाऱ्या गाण्यात परत कसं शिरायचं, हे घरी शिकवताच येत नाही.

मंडळी, इथे आमचा विषय सुरू होतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात एक भेद मांडला. 'अमुक असं आहे' हे माहीत असणं वेगळं आणि 'अमुक कसं करायचं' हे येणं वेगळं. पोहण्याचे नियम पाठ असलेला माणूस बुडू शकतो. आणि उत्तम पोहणाऱ्याला नियम सांगता येतीलच असं नाही. राइल १९७६ साली गेले. त्याच वर्षी 'माइंड' या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला, विषय होता इम्प्रोव्हायझेशन. मराठीत 'उपज' म्हणू. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की उपज ही कलावंतांची खास मिरास नाही. साधं संभाषणसुद्धा उपजच असतं. समोरचा काय बोलणार हे आधी ठाऊक नसतं. आपण शिकलेलं सगळं घेऊन, कधीच न आलेल्या प्रसंगाला सामोरे जातो. म्हणजे शिक्षणाची खरी कसोटी पाठ केलेलं म्हणण्यात नाही. न ठरलेलं समोर आलं की काय करता, यात ती आहे.

आता प्रश्न असा: हे दुसऱ्या प्रकारचं ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं कसं? मुंबईच्या जाझचा इतिहास याचं चांगलं उत्तर देतो.

१९३५ साली लिऑन अॅबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांचा बँड आला. त्यात टेडी वेदरफोर्ड नावाचे पियानोवादक होते. पुढे बँडची सूत्रं त्यांच्याकडेच आली. १९२०च्या दशकात हे शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात वाजवत. त्याच वृंदात लुई आर्मस्ट्राँगही होते. वेदरफोर्ड आशियात आले ते इकडेच राहिले, आणि १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेले.

इकडे मुंबईत गोव्याचे वादक होते. चर्चच्या शाळांमधून त्यांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवलेलं असे. कागद समोर ठेवा, वाजवून दाखवतील. पण जाझचं झोकदार वजन, सूर किंचित मागे ओढणं, सोलोत केव्हा गप्प बसायचं, हे कागदावर नसतं. ते या अमेरिकनांच्या शेजारी बसून, रात्रीमागून रात्र वाजवून उतरलं. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवत वाजवत चिक चॉकलेट झाले. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेल आणि दिवसा फिल्मी स्टुडिओ, अशी या लोकांची नोकरी. पुणतांब्याचे आमचे चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी ही माणसं हेरली. १९५१चा 'अलबेला' ज्यांनी पाहिला असेल त्यांनी चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावर पाहिलेला आहे. म्हणजे जाझ आपल्या कानावर केव्हाच पडलं आहे, फक्त त्याला जाझ म्हणतात हे कुणी सांगितलं नाही.

पियानोचंच बोलायचं तर आज भारतात ज्येष्ठ नाव लुई बँक्स यांचं. १९४१ साली दार्जिलिंगला एका नेपाळी कुटुंबात जन्म. वडील ट्रम्पेटवादक, जॉर्ज बँक्स या नावाने वाजवत. मुलाचं नाव त्यांनी आर्मस्ट्राँगवरून ठेवलं आणि संगीताचे पहिले धडेही त्यांनीच दिले. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर 'ब्लू फॉक्स'मध्ये बँक्स वाजवत, तिथे राहुल देव बर्मन यांनी त्यांना ऐकलं आणि मुंबईच्या फिल्म संगीतात आणलं. १९८८च्या १५ ऑगस्टला दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' आलं. त्याच्या संगीतात अशोक पत्की आणि लुई बँक्स या दोघांचा हात आहे. पुढे त्यांनी त्रिकूट केलं ते कुणाबरोबर? ड्रमवर मुलगा जिनो बँक्स आणि बासवर शेल्डन डिसिल्व्हा, दोघेही पुढच्या पिढीचे. बापाने शिकवलेला मुलगा आपल्या मुलाला शेजारी घेऊन वाजवतो. शाळा म्हणा, घराणं म्हणा, ते त्या मंचावरच भरतं.

वय वाढतं तशी बोटं मंदावतात, हे खरंच आहे. पण साथ करताना सुरांची संख्या फारशी कामाची नसते. काउंट बेसी हे अमेरिकन बँडचे पियानोवादक-नेते फार थोडे सूर वाजवण्यासाठीच ओळखले जात, आणि त्या थोड्या सुरांवर अख्खा बँड चाले. म्हाताऱ्या मास्तराकडे वेग नसतो. कुठला सूर नको, हे त्याला ठाऊक असतं. आम्हाला वाटतं, शिष्याला त्याच्याकडून मिळण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट तीच.

मग धोका कुठे आहे? १९७०च्या दशकात हॉटेलांत बँडच्या जागी डिस्कोच्या तबकड्या आल्या. १९८०नंतर फिल्म स्टुडिओत सिंथेसायझरने वाद्यवृंदाची जागा घ्यायला सुरुवात केली. लोक म्हणतात, काय बिघडलं, रेकॉर्डिंग तर आहे. आता तर सगळं मोबाइलवर मिळतं. बरोबर आहे, संगीत शिल्लक राहतं. पण रेकॉर्डिंगबरोबर वाजवताना तुम्ही वाट चुकलात, तर ते तुमच्यासाठी एक सूरही बदलत नाही. तुम्ही चुकलात हे त्याला ऐकूच येत नाही. त्या रात्री मास्तरांनी नटव्या कॉर्ड सोडून साधे सूर धरले, ते त्या मुलाला ऐकलं म्हणून. क्लब बंद होतो तेव्हा ही ऐकणारी माणसं एकत्र येण्याची जागा बंद होते.

आमची स्वतःची एक कबुली देतो. पस्तीस वर्षं आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं. वर्गात विद्यार्थी बोलताना अडखळला, की आम्ही वाक्य पूर्ण करून द्यायचो. आम्हाला ती मदत वाटायची. मुलं परीक्षेत उत्तम लिहायची, आणि बाहेर कुणी साधा उलट प्रश्न विचारला की गप्प व्हायची. त्या रात्री क्लबातून परतताना, लोकलमध्ये बसल्या बसल्या, अशी बरीच अर्धी वाक्यं आम्हाला आठवली. ती त्यांना पुरी करू द्यायला हवी होती. आम्ही फक्त खालचा सूर धरायचा होता.

आता तुमच्या तारप्याकडे येऊ. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. श्वास तुटू न देता वाजवायचं. वाजवणारा मध्ये आणि नाचणाऱ्यांचा वेढा त्याच्याभोवती. तो चाल बदलतो तसे पाय बदलतात. त्याची लिपी नाही, पुस्तक नाही. याच जिल्ह्यातल्या जव्हारच्या वाळवंडे गावचे ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. आनंदाची गोष्ट आहे. पण पद्मश्री एका माणसाला मिळते, आणि चाल टिकायला वेढा लागतो. लग्नात डीजे लावला की नाच होतोच, गर्दीही होते. पण डीजे नाचणाऱ्यांचे पाय बघत नाही.

म्हणून एकच विनंती. पुढच्या नाचात, म्हातारा वाजवणारा दमला की एक फेरी पोराच्या हातात तारपा द्या. त्याचा दम सुटेल, चाल मोडेल, पोरी हसतील. हसू द्या. फक्त तेवढ्यात कुणी वेढा सोडून जाऊ नका, आणि म्हाताऱ्याने शेजारीच उभं राहावं.

इथेच थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा. अर्धवट असले तरी चालतील, आज आम्ही ते पूर्ण करून देणार नाही.