मोटारीचा रंग आणि उन्हाचा ताप

चैत्राच्या भर दुपारीं शाळेच्या फाटकाबाहेर दोन मोटारगाड्या शेजारीं शेजारीं उभ्या आहेत, अशी कल्पना करा. एक काळी, दुसरी पांढरी. दोघींचा कारखाना एक, पत्रा एक, आणि उन्हांत उभ्या राहिल्याचा वेळही एकच. तरी काळीच्या टपावर हात ठेवतांच चटका बसून तो मागें घ्यावा लागतो. पांढरीचा टपही तापलेला असतो, परंतु तेथें हात क्षणभर तरी टिकतो. सूर्य दोघींवर सारखाच तळपत असतां हा भेद कोठून आला? बाहेर जितका भेद, तितकाच तो गाडीच्या आंतही असतो काय? आणि पांढरी गाडी घेतली म्हणजे उन्हाची चिंता संपली, असें म्हणतां येईल काय? या तीन प्रश्नांचा विचार या लेखांत करावयाचा आहे. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर विद्यार्थ्यांइतकेंच त्यांच्या आईबापांनींही लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

रंगाचा आणि उष्णतेचा संबंध शोधणाऱ्यांत अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिन याचें नांव प्रसिद्ध आहे. मेरी स्टीव्हन्सन नांवाच्या एका जिज्ञासू मुलीस १७६१ सालीं लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपला एक साधा प्रयोग वर्णिला आहे. शिंप्याकडील नमुन्याच्या कापडाचे निरनिराळ्या रंगांचे लहान तुकडे घेऊन ते त्यानें स्वच्छ उन्हाच्या सकाळीं बर्फावर मांडले. कांहीं तासांनीं पाहतो तों काळा तुकडा सर्वांत खोल रुतलेला, गडद निळा जवळ जवळ तितकाच, फिकट रंगांचे त्याहून वर, आणि पांढरा मात्र होता तेथेंच! जो तुकडा अधिक तापला त्याच्या खालचें बर्फ अधिक वितळलें, हें उघड आहे. उष्ण देशांत काळे कपडे सोईचे नव्हेत आणि उन्हाळ्यांतील टोप्या पांढऱ्या असाव्या, असें अनुमान त्यानें यावरून काढलें. त्यास कापडाचे तुकडे पुरले. आपणांस मोटारीचें टप पुरे आहे.

आतां या भेदाचें कारण पाहूं. प्रकाश एखाद्या अपारदर्शक वस्तूवर पडला कीं त्याचा कांहीं भाग परत फिरतो. यास परावर्तन म्हणतात. उरलेला भाग वस्तु शोषून घेते, आणि शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते. ज्या वस्तूकडून बहुतेक सर्व प्रकाश परत येतो, ती आपल्या डोळ्यांस पांढरी दिसते. जिच्याकडून फारच थोडा परत येतो, ती काळी दिसते. म्हणजे काळेपणा ही प्रकाश गिळल्याची खूणच होय. निरभ्र दुपारीं सूर्यासमोरील एक चौरस मीटर जागेवर सुमारें १००० वॉट इतकी शक्ति पडत असते. मोटारीचा साधा काळा रंग त्यांतील शेंकडा ५ भागच परत करतो, आणि ९५० वॉट स्वतःकडे ठेवतो. पांढरा किंवा रुपेरी रंग शेंकडा ६० भाग परत करतो, आणि त्याच्या वांट्यास ४०० वॉट येतात. एकाच मापाच्या पत्र्यावर ५५० वॉटांचा हा फरक म्हणजे कपड्यांच्या विजेच्या इस्त्रीचा अर्धा जोर होय. टप हातास कां पोळतो हें यावरून कळेल. काळी गाडी घासूनपुसून लखलखीत ठेवली तरी हा हिशेब फारसा बदलत नाहीं. कारण ती चकाकी वरच्या थराची असते, आणि प्रकाशाचा अगदीं थोडा अंशच ती परत फिरवते.

हें पुस्तकी ज्ञान समजूं नये. घरीं पडताळून पाहणें सोपें आहे. सारख्या मापाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे घ्या. एकास बाहेरून काळा व दुसऱ्यास पांढरा रंग द्या, दोहोंत सारखेंच पाणी भरा, झांकणें लावा आणि दोन्ही डबे तास दोन तास उन्हांत ठेवा. मग दोहोंतील पाण्यांत उष्णतामापक यंत्र बुडवून आंकडे टिपून ठेवा. डबे एकाच फळीवर असावे, एकावर सांवली पडूं देऊं नये, आणि प्रयोग एकदां नव्हे तर तीन दिवस करावा. कारण एका दिवसाच्या निकालावर विश्वास ठेवणें हें शास्त्राच्या रीतीस धरून नाहीं.

येथें एक सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे. डोळ्यांस दिसतो तेवढाच सूर्याचा प्रकाश नव्हे. विल्यम हर्शेल या ज्योतिषानें १८०० सालीं लोलकांतून सूर्यकिरणांचे रंग पाडून प्रत्येक रंगांत उष्णतामापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथेंही पारा वर चढला! या अदृश्य किरणांस अवरक्त किरण म्हणतात, आणि जमिनीवर पोहोंचणाऱ्या सूर्याच्या शक्तीपैकीं सुमारें निम्मा भाग यांचाच असतो. यावरून असें होतें कीं, दिसण्यांत अगदीं सारखे असे दोन गडद रंग उन्हांत सारखेच तापतील असें नाहीं. काजळीपासून केलेला काळा रंग दृश्य व अदृश्य असे दोन्ही प्रकारचे किरण गिळतो. उलट, कांहीं विशेष रंगद्रव्यें दृश्य प्रकाश गिळून काळसर दिसतात खरीं, परंतु अवरक्त किरण परत लावतात. अशा रंगाची गाडी सूर्याच्या एकंदर शक्तीचा सुमारें शेंकडा ३५ भाग परत करूं शकते. सृष्टींत ही युक्ति जुनीच आहे. झाडाचें हिरवें पान अन्न तयार करण्यास लागणारा प्रकाश घेतें आणि अवरक्ताचा मोठा भाग परत फिरवितें. भर उन्हांत पान करपत नाहीं, याचें हें एक कारण आहे. पानांतून सतत होणारें बाष्पीभवन हें दुसरें.

चतुर विद्यार्थी येथें एक शंका काढील. काळी वस्तु उष्णता घेण्यांत पटाईत, तशीच ती बाहेर टाकण्यांतही पटाईत असते, असें पदार्थविज्ञानांत शिकवितात. मग काळी गाडी जितकी घेते तितकी टाकून देऊन पांढरीबरोबर कां येत नाहीं? शंका मोठी मार्मिक आहे. तिचें उत्तर असें कीं, तापलेला पत्रा जी उष्णता बाहेर टाकतो ती लांब लहरींच्या अवरक्त किरणांच्या रूपानें; आणि या किरणांच्या बाबतींत काळा व पांढरा हा भेद जवळ जवळ उरतच नाहीं. आपल्या डोळ्यांस पांढरा दिसणारा रंग त्या लहरींपुरता काळ्यासारखाच वागतो. म्हणजे घेतांना दोघांत मोठा फरक, टाकतांना दोघे सारखे. तेव्हां काळी गाडी तोट्यांत राहणारच. निर्लेप चकचकीत धातूची गोष्ट मात्र याहून निराळी आहे. तो प्रकाश पुष्कळ परत करतो, परंतु घेतलेली थोडी उष्णता बाहेर टाकण्यास फार कंजूष असतो. म्हणूनच उन्हांत पडलेलें स्टीलचें भांडें चकचकीत असूनही चटका देतें.

आतां गाडीच्या आंत जाऊं. कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनीं सॅक्रामेंटो शहरांत एकाच जातीच्या दोन लहान मोटारी, एक काळी व एक रुपेरी, उन्हांत शेजारीं शेजारीं उभ्या करून मोजमाप केलें, आणि त्याचा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. (या लेखांतील सर्व अंश सेल्सिअस मापाचे समजावे.) रुपेरी गाडीचें टप काळीपेक्षां जास्तींत जास्त सुमारें २५ अंशांनीं थंड राहिलें. परंतु आंत बसणारा माणूस जी हवा श्वासावाटे घेतो, तींत मात्र फरक पडला तो ५ ते ६ अंशांचाच. हाही फरक क्षुल्लक नव्हे. आंतील हवा अर्ध्या तासांत २५ अंशांवर आणावयाची झाल्यास रुपेरी गाडीस शेंकडा १३ नें कमी जोराचें वातानुकूलन यंत्र पुरेल, आणि काळ्याऐवजीं पांढरा वा रुपेरी रंग निवडल्यास दर १०० किलोमीटरमागें सुमारें ०·२१ लिटर इंधन वांचेल, असा हिशेब त्यांनीं मांडला.

तथापि बाहेर २५ आणि आंत ५ किंवा ६, असें कां व्हावें? कारण गाडी म्हणजे नुसता रंगविलेला पत्रा नव्हे. तिला मोठमोठ्या कांचा असतात. कांचेतून सूर्यप्रकाश बेधडक आंत शिरतो, आणि समोरच्या फळीवर, सुकाणूच्या चक्रावर व बैठकींवर पडून तेथें उष्णता होतो. या तापलेल्या वस्तु ज्या लांब लहरी सोडतात त्या कांचेतून सरळ पार होत नाहींत. शिवाय तापलेली हवा बंद दारांमुळें बाहेर जाऊं शकत नाहीं. उष्णतेस येण्याची वाट मोकळी आणि जाण्याची वाट अडलेली, अशी ही स्थिति आहे. बाहेरच्या रंगाचा या कांचेपुढें कांहीं इलाज चालत नाहीं. गाडी धांवूं लागली, खिडक्या उघड्या असल्या, म्हणजे वारा पत्र्याची व आंतील हवेची उष्णता नेतो, आणि काळ्या-पांढऱ्यांतील अंतर कमी होतें. गाडी बंद करून उभी ठेवली कीं खरी आपत्ति सुरू होते.

ही आपत्ति केवढी, तें दुसऱ्या एका प्रयोगावरून दिसेल. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत टेंपी येथें उन्हाळ्याच्या कडक दिवसांत केलेला हा प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील सर्व गाड्या रुपेरी होत्या, म्हणजे रंगाच्या दृष्टीनें उत्तम निवडलेल्या. एक तास उन्हांत उभ्या राहिल्यावर त्यांच्या आंतील हवा सरासरीनें सुमारें ४७ अंशांवर गेली, सुकाणूचें चक्र ५३ वर, आणि समोरची फळी ६९ वर! सांवलींत ठेवलेल्या गाड्यांची हवा सुमारें ३८ अंशांपर्यंत चढली. दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराचें उष्णमान उन्हांतील गाडींत सुमारें एका तासांत, व सांवलींतील गाडींत दोन तासांच्या आंतच, ४० अंशांपर्यंत म्हणजे उष्माघाताच्या उंबरठ्यावर पोहोंचूं शकतें, असें त्यांनीं गणितानें काढलें.

कोणी म्हणेल, आम्हीं खिडकी बोटभर उघडी ठेवतों. त्याचाही पडताळा झालेला आहे. कॅलिफोर्नियांत केलेल्या व २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, बाहेरची हवा सौम्य असतांही बंद गाडींतील उष्णमान तासाभरांत सरासरीनें सुमारें २२ अंशांनीं वाढलें, आणि त्यांतील शेंकडा ८० वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच झाली. खिडकी किंचित् उघडी ठेवल्यानें म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं.

लहान मुलाचें शरीर मोठ्या माणसाच्या मानानें तीन ते पांच पट वेगानें तापतें. शिवाय त्यास दार उघडतां येत नाहीं आणि आपलें दुःख सांगतां येत नाहीं. एकट्या अमेरिकेंत १९९८ पासून दरवर्षीं सरासरीनें सुमारें ३७ मुलें अशा तापलेल्या गाड्यांत दगावलीं आहेत. त्यांतील पुष्कळांचे आईबाप निष्काळजी नव्हते. मूल मागच्या बैठकीवर झोंपीं गेलें, आणि कामाच्या घाईंत तें आंत आहे याचा त्यांस विसर पडला. कांहीं मुलें खेळतां खेळतां उभ्या गाडींत शिरलीं, आणि मग त्यांस बाहेर येतां आलें नाहीं. मोटारी आतां आपल्याकडेही गांवोगांवीं झाल्या आहेत आणि ऊन तर आपलें नेहमींचेंच. म्हणून ही गोष्ट दूरदेशची समजून सोडून देऊं नये.

तेव्हां करावें काय? नवी गाडी घेणाऱ्यानें शक्य तर फिकट रंग पसंत करावा. निदान टप तरी फिकट असावा. कारण मध्यान्हींचें ऊन मुख्यतः टपावरच पडतें. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी पाहा. तिचें अंग काळें, पण टप पिवळें. हेतु कांहींही असो, उन्हाच्या दृष्टीनें ही वांटणी शहाणपणाची आहे. गाडी झाडाखालीं उभी करावी. तें न साधल्यास समोरच्या कांचेस आंतून चकचकीत पडदा लावावा, म्हणजे प्रकाश आंत उष्णता होण्यापूर्वींच परत फिरेल. तापलेल्या गाडींत बसण्यापूर्वीं सर्व दारें मिनिटभर उघडीं टाकावीं. उतरतांना मागची बैठक पाहण्याची संवय ठेवावी. घरीं गाडी नेहमीं कुलूप लावून ठेवावी आणि किल्ली मुलांच्या हातीं पडूं देऊं नये. आणि 'दोन मिनिटांत येतों' असें म्हणून कोणत्याही मुलास, म्हाताऱ्या माणसास किंवा मुक्या प्राण्यास बंद गाडींत ठेवूं नये. मित्रहो, रस्त्यानें जातांना बंद गाडींत एकटें मूल दिसलें तर पुढें चालूं लागूं नका. ताबडतोब मोठ्या माणसांस हांक मारा.

सूर्य काळ्यावर आणि पांढऱ्यावर सारखाच प्रकाशतो. घेणारा जितकें घेतो आणि जितकें परत देतो त्यावरून पुढील सर्व फरक पडतो. एवढें पदार्थविज्ञान टपावर हात ठेवून शिकतां येतें. परंतु रंगानें टपाचे पंचवीस अंश वांचले, तरी कांचेआडच्या जिवास वांचविण्याचें काम रंगाचें नव्हे. तें आपल्या सावधपणाचें आहे.