लक्ष्मीपूजन आणि दुकानातील सेवक

आश्विन अमावास्येच्या प्रदोषकाळी घरोघरी लक्ष्मीपूजन होते आणि पेढ्यांवर वह्या-चोपड्यांची पूजा मांडली जाते. दुसऱ्या दिवशी बलिप्रतिपदा, साडेतीन मुहूर्तांतील अर्धा मुहूर्त. व्यापारी नव्या खात्यांचा प्रारंभ करतात. गृहस्थ सोने, वस्त्र, भांडे घरी आणतात. अशा सणाच्या दिवशी दुकाने उघडी असावीत की बंद, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो.

जर्मनीत रविवार व सण यांच्या विश्रांतीला राज्यघटनेचेच संरक्षण असून त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात. आपल्याकडे ते साधणारे नाही, कारण आपल्या सणात खरेदी हा आचाराचाच भाग आहे. अंगारकी चतुर्थीस राजूरच्या गणपतीला येणाऱ्या भाविकास नारळ, दूर्वा मिळाल्याच पाहिजेत. रामनवमीस समर्थांच्या जन्मगावी, जांबेस, आलेल्या यात्रेकरूने उपाशी का परतावे? तेव्हा दुकान उघडे असणे हा दोष नव्हे.

दोष अन्यत्र आहे. जालन्याच्या बाजारात दिवसभर गिऱ्हाइकांपुढे कापडाचे तागे उलगडणारा सेवक पुष्कळदा परतूर, मंठा वा भोकरदनकडचा असतो. माल आवरून तो निघतो, तोवर गावाकडची शेवटची एस. टी. सुटलेली असते. पहाटे तो घरी पोहोचतो, तेव्हा अंगणातील पणत्या केव्हाच विझलेल्या असतात.

कायद्याने हे ओळखले आहे. 1948 च्या अधिनियमानुसार दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. 19 डिसेंबर 2017 पासून लागू झालेल्या महाराष्ट्राच्या नव्या अधिनियमाने सातही दिवस दुकान उघडण्याची मुभा दिली. पण सेवकाची साप्ताहिक सुट्टी राखली. शिवाय वर्षात 8 पगारी सुट्ट्या ठरविल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि मालक व सेवक यांनी वर्षारंभापूर्वी संमतीने निवडावयाचे 4 सण. त्या दिवशी काम घेतल्यास दुप्पट वेतन आणि बदली रजा. मात्र ठराविक संख्येहून कमी कामगार असलेल्या दुकानांना हे बंधन नाही, आणि आपल्या तालुक्यांच्या गावी बहुतेक दुकाने तशीच लहान.

जेथे कायदा थांबतो तेथे धर्म सुरू होतो. ‘भृत्य’ हा शब्दच भरणपोषणवाचक ‘भृ’ धातूपासून झाला आहे. ज्याचे पोषण करणे कर्तव्य, तो भृत्य. अतिथी व भृत्य जेवल्यावर उरलेले गृहस्थ दांपत्याने खावे, अशी स्मृतींची आज्ञा. वेदपाठशाळेत अध्ययनासारख्या पुण्यकर्मालाही अनध्यायाचे दिवस नेमलेले आहेत. पोळ्याला आपला शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाही. दसऱ्याला दुकानदार तराजू पुजतो. मग तो तराजू वर्षभर धरणाऱ्या हाताला सणाची विश्रांती का नसावी?

म्हणून व्यापारी बंधूंना आमची विनंती अशी की, पूजेचा प्रसाद देऊन सेवकांस दिवेलागणीपूर्वी घरी पाठवावे. पाडव्याला दुकान उघडायचेच, तर पाळ्या लावाव्यात. सेवकांपैकी कोणी मुसलमान असेल, तर चार सणांत त्याची ईदही धरावी. गृहस्थांनीही खरेदी सायंकाळपूर्वी उरकावी. रात्री उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकासाठीच दुकानदार सेवकास थांबवितो. मालकाच्या पेढीवर आणि सेवकाच्या अंगणात एकाच प्रदोषकाळी दिवा लागावा. मग ते लक्ष्मीपूजन खरोखरच सांग झाले, असे आम्ही म्हणू.